छाती : न फुगवता

शिंप्याच्या टेपवर एका बाजूला इंच असतात आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. माणूस निराश असला की सेंटिमीटरची बाजू धरावी. आकडा मोठा दिसतो.

हे ज्ञान मला कोणत्या गुरूने दिलेलं नाही. न्हाणीघराची कडी लावून, आंघोळ चालू आहे असं बाहेर वाटावं म्हणून नळ उगाच सोडून, रोज सकाळी आरशासमोर टेप गुंडाळून उभं राहिलं की ते आपोआप येतं. बाहेरून आई ओरडते, "टाकी संपेल गं! काय करून राहिलीस इतका वेळ?" आता काय करून राहिले हे ओरडून सांगण्यासारखं नसतं. मी स्वतःच्या छातीची वाढ मोजून राहिलेली असते.

थोडा खुलासा करते. मी बाई आहे. माझ्या जन्मदाखल्याचं मत बरीच वर्षं वेगळं होतं आणि शरीर दाखल्याच्या बाजूने साक्ष देत होतं. शेवटी डॉक्टर गाठले. त्यांनी दोन औषधं लिहून दिली. जे कमी आहे ते घालायला इस्ट्राडायॉल, जे नको आहे ते आवरायला स्पायरोनोलॅक्टोन. मग पेनचं टोपण लावत म्हणाले, "तीन ते सहा महिन्यांत वाढ सुरू होईल. पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं, काहींना त्याहून जास्त. किती होईल ते कोणीच सांगू शकत नाही. मोजायचंच असेल तर तीन महिन्यांतून एकदा. रोज मोजत बसू नका."

"छे छे," मी म्हणाले. दवाखान्यातून निघाले ती थेट इतवारीत गेले आणि टेप घेतली.

रोज मोजण्यातली मजा अशी की रोज काहीतरी घडतं. सोमवारी अर्धा सेंटिमीटर वाढ. मंगळवारी एक सेंटिमीटर घट. बुधवारी लक्षात येतं की पाठीमागे टेप घसरली होती, म्हणून मंगळवार रद्द. गुरुवारी ऑफिसात कोणाचा तरी वाढदिवस, त्यामुळे शुक्रवारी दिसलेली वाढ छातीची की समोशाची हे कळायला मार्ग नाही. मी एका सीएकडे हिशेब लिहायला आहे. दुसऱ्यांच्या ताळेबंदातली पाच रुपयांची चूक मी झोपेत पकडते. पण माझी स्वतःची डावी बाजू उजवीशी महिनोन् महिने जुळत नव्हती. डावी आधी निघाली, उजवीने तिची वाट बघायला लावली. डॉक्टर म्हणाले, बहुतेक बायकांत दोन्ही बाजू सारख्या नसतातच. आमच्या धंद्यात याला लेखापरीक्षकाचा शेरा मिळतो.

आणि श्वास! श्वास आत घेतला की मी विकसित, सोडला की विकसनशील.

श्वासाचं हे राजकारण मला नवं नव्हतं. माझ्या छातीचं पहिलं जाहीर माप गणवेशाच्या एका भरतीत झालं होतं. कोणत्या ते विचारू नका. मामाचा हट्ट होता : "उंची आहे पोराला, जाऊन तर बघू दे." मैदानावर उन्हात रांग, बनियन काढून हातात. टेप धरणारा म्हणाला, "फुगव."

मी फुगवली.

"फुगव ना बे!"

"फुगवली आहे."

त्याने टेपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शेजारी लिहीत बसलेल्याला म्हणाला, "याची फुगूनच नाही राहिली."

मामा फाटकाबाहेर डझनभर केळी घेऊन उभा होता. त्याने विचारलं, "कितीने गेली?" मी सांगितलं, दोन सेंटिमीटर. "दोनच ना? महिनाभर दंड मार, येऊन जाते छाती." मामाचं भाकीत खरं ठरलं. छाती आली. दंडांचा त्यात काही हात नव्हता इतकंच.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीचा नियम काय सांगतो ते ऐका. पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर हवी, आणि फुगवल्यावर ती निदान ५ सेंटिमीटरने वाढायला हवी. महिला उमेदवाराची उंची १५५ सेंटिमीटर आहे का ते बघतात. छातीचा विषयच काढत नाहीत. म्हणजे माझ्याकडे मोजण्यासारखं काही नव्हतं तेव्हा सरकारी टेप घेऊन लोक उभे होते, आणि आता मोजण्यासारखं काही येऊ घातलंय तर सरकारला ते बघायचंच नाही.

हा गोंधळ माझ्या एकटीचाच होता असंही नाही. २०२२ साली आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल या ट्रान्सजेंडर उमेदवारांनी पोलीस भरतीच्या अर्जात 'स्त्री' आणि 'पुरुष' यांखेरीज तिसरा रकाना नाही म्हणून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. न्यायाधिकरण म्हणालं, रकाना द्या. सरकार उच्च न्यायालयात गेलं. रकाना एक वेळ देऊ, पण यांची शारीरिक चाचणी कशी घ्यायची, निकष कोणते लावायचे? डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने कान उपटल्यावर सरकारने अर्जात रकाना घालायचं मान्य केलं आणि फेब्रुवारी २०२३ अखेरपर्यंत निकषांचे नियम करू असं सांगितलं. मी ती बातमी न्हाणीघराबाहेर उभी राहून वाचली. टेप कुठे लावायची आणि किती आली म्हणजे पास म्हणायचं, हा पेच राज्याच्या अख्ख्या गृहखात्याला पडला होता. माझ्या एकटीच्या वहीला तो सुटत नव्हता यात नवल ते काय?

वहीची गोष्ट निघाली म्हणून सांगते. आमच्या घरात मोजमापाला फार मान आहे. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नागपूरच्या नळाला पाणी येतं ते मुख्यतः पेंचवरच्या प्रकल्पातून, आणि तिथल्या तोतलाडोह धरणाची पातळी आज किती हे बाबांना अजूनही चहाच्या आधी लागतं. पावसाळ्यात ते पेपरातला जलसाठ्याचा तक्ता कापून ठेवतात. अशा माणसाच्या घरात माझी वही एकदा बैठकीत टीपॉयवर राहिली. तारीख, 'व', 'ख', फरक. 'व' म्हणजे वरचा घेर, 'ख' म्हणजे खालचा. संध्याकाळी आले तर बाबा चष्मा लावून वाचून राहिले होते.

"हे काय आहे?"

"ऑफिसचं आहे, बाबा."

"वाचन कधी घेतेस?"

"सकाळी."

"रोज एकाच वेळी?"

"साधारण."

"साधारण म्हणजे?" बाबांनी चष्मा काढला. त्यांच्या खात्यात 'साधारण' लिहिणाऱ्याची बदली गडचिरोलीला होत असे, असं ते आजही सांगतात. "आणि शून्य कुठे धरलंस? पट्टी रोज एकाच खुणेवर हवी. खूण हलली तर वाढ पाण्याची झाली की पट्टीची, काय कळणार? हे बघ, इथे एका रात्रीत दोन सेंटिमीटर चढलेत. ढगफुटी झाली होती का?"

मी गप्प. बाबांनी वही मिटून माझ्या हातात दिली. जाता जाता म्हणाले, "मला कळतंय हे काय आहे ते. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पद्धत मात्र अगदीच टाकाऊ आहे."

बापाने आपल्याला आहे तसं मान्य करावं म्हणून कित्येक जणी वर्षानुवर्षं डोळ्यांत पाणी आणून बसतात. मला मान्य करण्यात आलं. नापास करण्यात आलं ते रकान्यांवरून. दुसऱ्या दिवशी टीपॉयवर एक नवी वही होती, पट्टीने आखलेली, 'शेरा' या रकान्यासकट.

पद्धत सुधारायची तर शास्त्राला शरण जावं लागतं. गेले. युरोपातल्या डॉक्टरांनी २२९ ट्रान्स स्त्रियांची वर्षभर मापं घेऊन २०१८ साली एक अभ्यास छापला आहे. वरच्या घेरातून खालचा घेर वजा करायचा, म्हणजे माझाच हिशेब. वर्षाअखेरीस सरासरी फरक निघाला ७.९ सेंटिमीटर. बहुतेक वाढ पहिल्या सहा महिन्यांतच झालेली. आणि जवळपास निम्म्या जणींचं माप ट्रिपल ए कपाच्याही खाली. ट्रिपल ए हे नाव मी तोवर फक्त टीव्हीच्या रिमोटच्या सेलवर वाचलं होतं. रिमोटला निदान दोन लागतात आणि दोन्ही सारखे असतात.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मी बाबांना मुद्दाम दाखवली. रक्तात इस्ट्राडायॉल किती आहे त्यावरून वाढ किती होईल हे सांगता येत नाही. बाबा खूश झाले. "म्हणजे वरून किती सोडलं यावर खाली किती पोचेल ते ठरत नाही. हे आम्ही कालव्यांच्या बाबतीत तीस वर्षं सांगत आलो."

शास्त्रात टॅनर नावाचे एक इंग्रज डॉक्टरही भेटतात. वयात येण्याच्या त्यांच्या पाच पायऱ्या १९६९ पासून जगभर वापरतात. पाचही पायऱ्यांत इंच नाही, सेंटिमीटर नाही. डॉक्टरने आकार बघायचा आणि पायरी सांगायची. माझ्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, "दुसरी." मी विचारलं, "दोन पूर्णांक किती?" ते हसले. मी गंमत करत नव्हते.

या दुसऱ्या पायरीवर एक छोटी कडक गाठ येते. ती दुखते. इतकी दुखते की तिच्यामुळे मला माझ्या शहराचा नवा परिचय झाला. कपाटाचं उघडं दार, सिटी बसमधल्या माणसाचं कोपर, सॅकचा पट्टा, धावत येऊन मिठी मारणारा भाचा ही सगळी शत्रूची ठाणी. नागपुरातला प्रत्येक स्पीडब्रेकर मला नावानिशी माहीत झाला. ई-रिक्षात बसले की मी दोन्ही हात छातीवर घडी घालून बसायची. समोरची बाई एकदा म्हणाली, "देवदर्शनाले चालल्या का जी?" मी हो म्हणाले. वेदना होते म्हणजे वाढ चालू आहे, असा समज असल्यामुळे दुखायचं थांबलं की मी जास्त घाबरत असे. मग उगाच बोटाने टोचून बघायची. दुखलं की जिवात जीव.

उन्हाळ्याने मात्र सांभाळून घेतलं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार गेला की सगळं नागपूर दुपट्टा गुंडाळून बाहेर पडतं. डोळे तेवढे दिसतात. वर्गमैत्रिणी एकमेकींना गाडीच्या नंबरावरून ओळखतात. डोक्यापासून कमरेपर्यंत लपेटलेल्या त्या लाखो बायकांत मी कोण, माझं काय वाढलं, काय राहिलं, याची चौकशी करायला कोणाला सवड आहे? माझं सामाजिक पदार्पण अॅक्टिव्हावरून, पूर्ण झाकलेलं, झालं.

त्याच उन्हाळ्याने दुसऱ्या बाजूने हिशेब चुकता केला. स्पायरोनोलॅक्टोन हे मुळात लघवी वाढवणारं औषध. डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी प्या, ऊनही तेच म्हणतं, आणि बाजारात बायकांसाठी मुतारी शोधायची म्हणजे ती आधी ऐतिहासिक कागदपत्रांत शोधावी लागते. २०१९ मध्ये मेट्रो धावायला लागली तेव्हा लोक म्हणाले, शहराची प्रगती झाली. मला प्रगती कशी झाली ते नेमकं सांगता येतं : स्थानकात स्वच्छतागृह आहे.

हेच औषध रक्तातलं पोटॅशियमही वाढवू शकतं. म्हणून डॉक्टर म्हणाले, "तपासणी वेळेवर करायची. आणि नारळपाणी, केळी, संत्री जरा बेताने."

"संत्री?"

"बेताने."

नागपुरात हे वाक्य उच्चारायला छाती लागते, न फुगवता. इथल्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळायच्या आधीही, आंबिया बहाराचा माल उतरला की नातेवाईक एकमेकांच्या घरी रिकाम्या हाताने जात नसत. मावशी काटोलकडून पिशवी भरून घेऊन आली. मी दोन फोडी खाऊन थांबले.

"काऊन? गोड नाही?"

"गोड आहे, मावशी. पोटॅशियम असतं."

"ते बाहेरच्या संत्र्यात असेल. हा आपल्या बगीच्यातला माल आहे."

संत्रा बर्फीत संत्रं किती असतं हा जुना घरगुती वाद. माझ्यासाठी तो एकदम वैद्यकीय झाला. मी तो बर्फीच्या बाजूने निकाली काढला.

मावशी नुसती संत्री ठेवून जाणाऱ्यांतली नव्हे. तिला आईने सगळं सांगितलं होतं, आणि मावशीच्या मते जगातल्या कोणत्याही तक्रारीवर डब्यातून काहीतरी नेता येतं. पुढच्या खेपेला शतावरी कल्प आला, दुधातून, सकाळ-संध्याकाळ. बाळंतिणीला देतात म्हणे. मग मेथीचे लाडू. मग डिंकाचे, मेथीचे कडू लागतात म्हणून. "ते गोळ्या-बिळ्या ठीक आहे, पण आतून बळ पाहिजे." महिन्याभराने वही काढली. वरचा घेर तीन सेंटिमीटर वाढला होता! मी नाचायच्या बेतात. मग खालचा घेर मोजला. तोही तीन. फरकात वाढ शून्य. बाबांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'सर्वदूर'. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "पण वाढलं की नाही? मग!"

औषधाच्या दुकानातही एक गोड माणूस आहे. इस्ट्राडायॉलच्या गोळ्या टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात पुष्कळ बायकांना देतात, त्यामुळे त्याने माझ्याबद्दल काय ते ठरवून टाकलं. दुपट्ट्यातून माझे डोळे तेवढे दिसतात, आणि माझे डोळे कायम काळजीतले. एकदा त्याने हळूच विचारलं, "ताई, या महिन्यात काही?" मी खरं तेच सांगितलं, "अर्धा सेंटिमीटर." त्याचा चेहरा उजळला. "होते जी, होते. आमच्या वहिनीलेही सुरुवातीले एवढंच दिसलं होतं सोनोग्राफीत. आता पोट्टं चौथीत आहे." पुढच्या खेपेस त्याने गोळ्यांच्या पाकिटासोबत टेकडीच्या गणपतीचा अंगारा दिला. मी तो लावला. कोणत्या बाजूला ते सांगत नाही. जी मागे होती तिला.

रक्ततपासणीच्या ठिकाणी अर्जावर 'पुरुष' पडल्यामुळे अहवाल सबंध लाल यायचा. डॉक्टरांना हवं होतं इस्ट्राडायॉल १०० ते २००च्या मध्ये आणि टेस्टोस्टेरॉन ५०च्या खाली. दोन्ही अगदी हवं तसं आलं की यंत्र प्रत्येक ओळीसमोर बाण काढी, एक वर, एक खाली. तिथल्या मुलाने घाबरून फोन केला : "सर, रिपोर्टमध्ये फार गडबड आहे, लवकर कोणालातरी दाखवा." मी म्हणाले, "फारच छान." फोनवर बराच वेळ शांतता होती.

मापाचा खरा ज्वर बघायचा तर मैत्रिणींत बघावा. नागपुरात सारथी ट्रस्टसारखी संस्था कधीपासून काम करते, प्राइडची मिरवणूक निघते, त्यामुळे आमच्यासारख्यांना एकमेकी सापडायला पूर्वीइतका वेळ लागत नाही. सापडल्यावर आम्ही फुटाळा तलावावर जमतो आणि हक्क, कायदा, ओळखपत्र वगैरे गंभीर विषय कणसाला लिंबू लावून होईपर्यंत बोलतो. पहिला दाणा तोंडात गेला की सुरू.

"तुझं किती झालं गं?"

"तुझं सांग आधी."

"माझं तर सहाव्या आठवड्यातच दिसायला लागलं होतं."

"सहाव्या आठवड्यात तुला गॅस झाला होता. मी होते ना सोबत."

एकीचं म्हणणं, विदर्भात वाढ हळूच होते. हवा कोरडी. मुंबईच्या पोरींचं बघा, दमट हवा, भराभर वाढतं. "मग चेन्नईच्या?" "त्यांचं तर विचारूच नको." दुसरी सांगते, प्रोजेस्टेरॉन घेतलं की आकार येतो, तिच्या मैत्रिणीच्या मैत्रिणीला आला. त्याने वाढ होते असा खात्रीचा पुरावा नाही, असं डॉक्टर म्हणतात, पण डॉक्टर फुटाळ्यावर येत नाहीत. तिसरी कोणाला न विचारता गोळ्या दुप्पट करायच्या बेतात होती. तिला मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून झापलं. गुठळी झाली तर पायात होते, फुप्फुसात जाते, तिथे कोणतं माप घेशील? तेवढ्यापुरत्या आम्ही शहाण्या झालो. मग पुन्हा, "पण खरं सांग, तुझं किती?"

यात आमचं काही वेगळं आहे असं मला वाटत नाही. कोणत्याही लग्नात दोन आया शेजारी बसल्या की "तुमच्याला दात आले?" "आमच्याला सहाव्यातच" हेच चालतं. पुढे टक्के, मग पॅकेज, मग फ्लॅटचे चौरस फूट. बापे मायलेज सांगतात. सगळे थोडं वाढवून सांगतात आणि समोरचा तेवढं वजा करून ऐकतो.

माझ्या वहीला पहिला दणका बसला सीताबर्डीच्या मेन रोडवर. ब्रा घ्यायला गेले. दुकानात साठीचे एक काका, कानावर पेन्सिल. मी आकडे पाठ करून गेले होते, वरचा घेर, खालचा घेर, फरक. तोंड उघडायच्या आत काकांनी मान वर न करता डब्यांच्या भिंतीकडे हात केला. "छत्तीस. कप सगळ्यात लहान."

"तुम्ही मोजलं नाही."

"चाळीस वर्षं झाली जी याच काउंटरवर."

वही, टेप, युरोपातले डॉक्टर, पाटबंधारे खातं, सगळं त्या एका नजरेत आटोपलं. बरं, पुढचा अडथळा असा की माझ्यासारख्यांची पाठ रुंद आणि पुढे मालाची नुकती आवक. "छत्तीस ए नाही येत जी," काका म्हणाले. "पट्टा मोठा की कप मोठा, असंच काढते कंपनी. चौतीस ए घ्या आन् मागून हूक वाढवून देतो." त्यांनी एक पुठ्ठ्याची पेटी उघडली. आत नुसत्या हुकांच्या जोडपट्ट्या होत्या, पांढऱ्या, काळ्या, कातडी रंगाच्या, दोन हुकांच्या, तीन हुकांच्या. मी चकितच झाले. हा अडथळा फक्त माझा असता तर पेटीभर पट्ट्या कशाला लागल्या असत्या? "लई जातात," काका म्हणाले. "कोणाचंच काही मापात नसते."

मग आलं मामेबहिणीचं लग्न. साडी ठरली, म्हणजे ब्लाउज आलं, म्हणजे महालातल्या शिंपीणबाई आल्या. या बाई आईचे ब्लाउज शिवतात त्या माझ्या जन्माआधीपासून. त्यांच्या वहीत आख्ख्या मोहल्ल्याचा इतिहास आहे. कोण कधी सुटली, कोणाचं कधी उतरलं, कोणाला दिवस गेले हे नवऱ्यांच्या आधी त्यांना कळतं. मला समोर उभं करून त्यांनी टेप टाकली.

"श्वास कायले रोखून राहिल्या जी?"

"रोखलेला नाही."

"सोडा. सगळ्याच रोखतात. कोणी पोट आत ओढते, कोणी छाती बाहेर काढते. मी दोन गोष्टी विचारते तोवर श्वास सुटते, मग लिहिते." आणि खरंच, कटोरी की प्रिन्सेस, गळा किती खोल, मागे नाडी की बटण, असं विचारता विचारता त्यांनी मुंढा, कंबर, छाती सगळं टिपून घेतलं. महिनोन् महिने मला न मिळालेलं न फुगवलेलं माप त्यांना गळ्याच्या खोलीच्या गप्पांत मिळालं.

ब्लाउज घ्यायला गेले तेव्हा त्यांनी तो उलटा करून दाखवला. बगलेखालच्या शिवणीत दोन्हीकडे बोटभर कापड दुमडून आत घेतलं होतं आणि त्यावर सरळ, लांब टाक्यांची टीप होती, चट्कन उसवता येईल अशी.

"दीड इंच मार्जिन ठेवलं आहे आत," त्या म्हणाल्या. "वाढलं की घेऊन या. उसवायचे पैसे नाही घेत मी."

"वाढेल का?"

"सतरा वर्षांच्या पोरीलेही ठेवते, साठ वर्षांच्या बाईलेही ठेवते. माह्या तर बघण्यात कोणाचं थांबलं नाही अजून. काही ना काही वाढूनच राहते."

राहिली आई. आईचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. तिने 'ताली' ही ट्रान्स कार्यकर्त्या गौरी सावंतांवरची, सुष्मिता सेनची मालिका पूर्ण पाहिली, रडली, आणि शेवटी म्हणाली, "सुष्मिता सेनला काय, तिचं आयतंच आहे." मी कधी विचारलं, "आई, काही फरक वाटतो का?" की ती वरून खालपर्यंत बघायची आणि म्हणायची, "मला बापा काही दिसत नाही. उगाच पैसे घालवून राहिलीस." दर वेळी हेच. डॉक्टर म्हणाले तिसरी पायरी, आई म्हणाली काही दिसत नाही. वहीवरून बाबांनी काढलेला आलेख चढता, आईला काही दिसत नाही.

एका सकाळी दूधवाला आला. मी घरातल्या कुर्त्यावर पातेलं घेऊन दाराकडे निघाले. स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अगं, ओढणी घे आधी!"

मी पातेलं घेऊन तिथेच उभी. "का? तुला तर काही दिसत नाही ना?"

"जास्त शहाणपणा नको करूस. घे म्हटलं की घ्यायची."

दूधवाला दोनदा घंटी वाजवून गेला. बाबांनी आलेखावर त्या तारखेला एक फुली मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'आई'. त्यापुढचे रोजचे रकाने त्यांनी आडवी रेघ मारून बंद केले. आता खात्याच्या शिस्तीप्रमाणे तिमाही वाचन होतं. टेप शिंपीणबाईंकडे असते, वही बाबांकडे.

पुढचं माप दिवाळीनंतर आहे. तोवर कोणीही विचारू नये ही विनंती. मावशीला धीर धरवत नसेल तर तिने बाबांकडे लेखी अर्ज करावा, तीस दिवसांत उत्तर मिळेल. लाडू सोबत जोडू नयेत.